दिसत तर काहीच नाही!

मागच्या महिन्यात मामा-मामी साताऱ्याहून आले होते. त्यांना स्वारगेटहून गाडीत घेतलं आणि निगडीला घरी आणलं. वाटेत दापोडीपर्यंत गप्पा आणि पुढे गाणी. घरी चहा पिताना बायकोच्या तोंडून निघून गेलं की गाडीतल्या गाण्यांच्या व्यवस्थेवर पंचेचाळीस हजार रुपये खर्च झालेत. मामांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि थेट पार्किंग गाठलं. मी मागोमाग. त्यांनी चारही दारं उघडून पाहिली, डिकी उघडली, डॅशबोर्डवर टिचक्या मारल्या आणि मग माझ्याकडे असं काही बघितलं, जसं मला कुणीतरी भर रस्त्यात गंडवलं असावं.

"अरे, दिसत तर काहीच नाही!"

"मामा, येताना ऐकलंत की."

"ऐकलं. पण मला वाटलं ते कंपनीचंच आहे."

मंडळी, या वाक्यासाठी मी तीन महिने खपलो होतो. मामांना ती तक्रार वाटत होती आणि मला पदवीदान समारंभ. पण जेवणाच्या टेबलावर विषय पुन्हा निघाला. "पैसे खर्च केले तर ते दिसले तरी पाहिजेत, नाहीतर ऐकू तरी आले पाहिजेत. तुझे ना दिसतात, ना खालच्या मजल्यावर ऐकू येतात!" सगळे हसले, मीही हसलो. पण हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण माझ्या मते आपल्या शहराचं जे काही बिघडलंय ते या एका वाक्यात आहे. तेव्हा मामा, आजचं हे सगळं तुमच्यासाठी. तिथे टेबलावर मामीसमोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून इथे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे 'आवाज' आणि 'मोठा आवाज' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. गाडीत म्युझिक सिस्टीम बसवणारी बहुतेक माणसं ती ऐकायला बसवत नाहीत, ऐकवायला बसवतात. आणि हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्यात दुसऱ्याच्या कानाचा प्रश्न आहे.

सुरुवात बाजारापासून करतो. पिंपरी कॅम्पात गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानांची अख्खी ओळ आहे. सीटकव्हर, मॅट, फॉगलॅम्प, आणि काचेमागे निळे दिवे पेटवलेले ॲम्प्लिफायर. अशाच एका दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "किती वॅटचा देऊ?" काय ऐकता, गाडी कुठली, कोण बसतं, किती वेळ, यातलं काही नाही. किती वॅट. जसं काही मी विटा न्यायला आलोय. त्याने ४००० वॅट असं सोनेरी अक्षरात छापलेला एक डबा पुढे केला. मी तो उलटा करून पाहिला, तर मागे २० अँपिअरचे दोन फ्यूज.

आता हे गणित आठवीतल्या पोरालाही येतं. चालू गाडीत व्होल्टेज साधारण १४. दोन फ्यूज मिळून ४० अँपिअर. चौदा गुणिले चाळीस म्हणजे ५६०. त्या डब्याच्या तोंडात सलगपणे जास्तीत जास्त ५६० वॅट जाऊ शकतात, त्यापुढे फ्यूज उडणार. त्या जातीच्या ॲम्प्लिफायरमध्ये यातलं बरंचसं उष्णता होऊन जातं, तेव्हा बाहेर येणार तीनशेच्या आसपास. खरोखर ४००० वॅट हवे असतील तर एक थेंबही वाया न जाता गाडीतून २८५ अँपिअर ओढावे लागतील. छोट्या गाडीचा अल्टरनेटर साधारण शंभराच्या आसपास देतो, आणि त्यातच तिला दिवे, एसी आणि इंजिनही चालवायचं असतं. म्हणजे हा डबा सोनेरी अक्षरात खोटं बोलत होता आणि खरं काय ते मागच्या बाजूला फ्यूजवर लिहून ठेवलं होतं. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक फ्यूज वाचत नाही."

बरोबर आहे. गिऱ्हाईक फ्यूज वाचत नाही. त्याला हेही कुणी सांगत नाही की वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आणि गाडीच्या बंद काचांत, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या आवाजात गाणं ऐकायला चांगल्या स्पीकरला बहुतेक वेळ एखादा वॅटही पुरतो. बाकीची ताकद लागते ती तबल्याच्या एखाद्या थापेसाठी, क्षणभर. म्हणजे हजारो वॅटची ही सगळी उलाढाल आपल्या कानासाठी नाहीच. ती चौकातल्या लोकांसाठी आहे.

मग माझे पंचेचाळीस हजार गेले कुठे? ऐका मामा, हिशेब देतो.

पहिला मोठा खर्च अशा गोष्टीवर झाला जी अजिबात वाजत नाही. गाडीचं दार म्हणजे काय, तर पातळ पत्र्याचा पोकळ डबा. त्यात कितीही महागडा स्पीकर बसवा, त्याच्याबरोबर डबाही वाजणार. आणि गंमत अशी की स्पीकरचा कागद पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो. खर्जातले सूर असेच हवेत जिरतात. लोकांना वाटतं, बेस येत नाही, मोठा स्पीकर घालू. खरं औषध म्हणजे ती भोकं बंद करणं आणि बाहेरच्या पत्र्याला आतून डांबरासारखं लवचिक रबर लावलेली ॲल्युमिनियमची चादर चिकटवणं. दार जड होतं, बंद करताना 'ठण्ण' ऐवजी 'थप्' वाजतं, आणि त्याच जुन्या स्पीकरमधून अचानक खर्ज येऊ लागतो. (एक सूचना: दाराच्या अगदी तळाशी पाणी जायची छोटी भोकं असतात, ती चुकूनही बुजवू नका. आपल्याकडच्या पावसात दारात तळं साचेल आणि दोन वर्षांत पत्रा गंजेल.)

या कामाला एक अख्खा रविवार गेला. मोशीच्या एका छोट्या गॅरेजमधला कारागीर, जेमतेम तिशीचा. त्याने बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, तार पत्र्यातून जिथे आत येते तिथे रबराचं कडं घातलं, गाडीची मूळ वायर एकही न कापता तिच्याच जोडणीला जोडणी लावली. मी विचारलं, "हे कोण बघणार?" तो म्हणाला, "आग लागली नाही तर कुणीच नाही." मला वाटतं कारागिरीची याहून चांगली व्याख्या मी तरी ऐकलेली नाही.

दुसरा खर्च झाला अर्ध्या मीटरवर. हसू नका. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या कानापासून साधारण ९० सेंटिमीटरवर आणि डावीकडचा १४० वर. आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे डावीकडचा सूर दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. दीड मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला आवाजाला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही आणि आवाज कुठून आला हे मेंदू तेवढ्यावर ठरवतो. म्हणून बहुतेक गाड्यांत गायक उजव्या गुडघ्यापाशी बसून गातो. माझ्या गाडीत सीटखाली वहीएवढी एक डबी आहे. ती उजव्या बाजूला दीड मिलिसेकंद थांबायला सांगते. बस. पण तेवढं झालं की गायक गुडघ्यावरून उठतो आणि समोर, डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो.

हे तपासायला मी द. वि. पलुसकरांच्या जुन्या तबकड्या लावतो. पलुसकर १९५५ साली गेले, म्हणजे ते सगळं मोनो, दोन्हीकडून तंतोतंत एकच. मांडणी चुकली असेल तर आवाज पसरतो, दोन तुकडे होतात. जमली असेल तर काचेपलीकडे बॉनेटवर एक माणूस बसून गातोय असं वाटतं. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, त्यात खरखर. पण ती खरखरही मधोमध एका जागी येते, आणि तिच्यामागे आवाज कसा स्वच्छ उभा असतो!

तिसरी वस्तू म्हणजे डिकीच्या कोपऱ्यात, मॅटच्या रंगाच्याच कापडात गुंडाळलेली आठ इंची बंद पेटी. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार काळी एकला सत्तर हर्ट्झच्या आसपास बोलते. दारातले स्पीकर तिथे दमतात. या पेटीचं काम तेवढंच. ती वाजतेय हे कळलं तर ती चुकीची लावली आहे, बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं तर बरोबर. आणि इथे निसर्गच मदतीला असतो. बंद गाडीच्या छोट्या पोकळीत अगदी खालचे सूर आपोआप वाढतात, त्यासाठी डिकीभर वूफर लागत नाहीत. आता गंमत बघा. ज्यांच्या डिकीत बारा-बारा इंची दोन राक्षस असतात ते वाजवताना काय करतात? डिकी उघडतात! डिकी उघडली की पोकळी संपली, आतला सगळा फायदा संपला. म्हणजे ते आत ऐकायचं नव्हतंच.

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर पिंपरी-चिंचवड-चाकणमध्ये. जिथे निम्म्या देशाच्या गाड्या बनतात असं आपण अभिमानाने (आणि थोडं वाढवून) सांगतो. माझी पोलोही चाकणलाच जन्मली आणि रोज सकाळी चाकणच्याच रस्त्यात अडकते. निगडीहून तळवडे, महाळुंगे करत कंपनीत पोचायला चांगल्या दिवशी पाऊण तास, वाईट दिवशी विचारू नका. गाडीत गाणं ऐकणं ही चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा पाऊस पडत असताना तळेगाव चौकात उभं राहून दाखवावं. याच चाकणच्या वसाहतीत हरमनचा कारखाना आहे, जेबीएल हा ज्यांचा ब्रँड. म्हणजे गाडीतला आवाज नीट कसा यावा यावर दिवसभर काम करणारी माणसं आपल्याच गावात राहतात. आणि रात्री साडेअकराला आपल्याच गावात एखादी गाडी अशी जाते की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या काचा आणि त्या गाडीची स्वतःची नंबरप्लेट एका तालात वाजतात.

इथे मला बाबांबद्दल लिहायला हवं. त्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही.

बाबा १९७० ते २००६ एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते. ज्यांनी प्रेस शॉप पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथे ९५-१०० डेसिबल म्हणजे काही विशेष नाही. कायद्याने आठ तासांना ९० ची मर्यादा आहे. कानात घालायला बुचं मिळायची, पण ती घातली तर हाक ऐकू येत नाही आणि प्रेसवर हाक ऐकू न येणं म्हणजे बोटं जाणं. मग कापसाचा बोळा. छत्तीस वर्षं कापसाचा बोळा. बोटं दहाही शाबूत राहिली, कान गेले.

कान जातात म्हणजे सगळा आवाज सारखा कमी होतो असं नाही. अशा गोंगाटाने आधी जातो तो ४००० हर्ट्झच्या आसपासचा भाग. तपासणीच्या आलेखात तिथे विहिरीसारखा खड्डा दिसतो. पुढे वय झालं की त्यावरचंही जातं. आणि आपल्या भाषेतले स, श, त, थ, फ हे सगळे त्याच वरच्या भागात राहतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं पुसट होतात. बाबांना 'बोलतोय' हे कळतं, 'काय बोलतोय' हे कळत नाही. म्हणून टीव्हीचा आवाज ४० वर. त्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच. आणि याची दुसरी, त्याहून क्रूर बाजू अशी की असा कान हळू आवाज ऐकत नाही पण मोठा आवाज त्याला नेहमीच्या माणसाइतकाच, कधी जास्तच, खुपतो. श्रवणयंत्र आणलं, ते कपाटात आहे. "सगळं जग ओरडतंय असं वाटतं," म्हणतात. गणपतीत खालून भिंती हलवणारी मिरवणूक गेली की ते आतल्या खोलीत जाऊन कानावर उशी धरून बसतात. ज्या माणसाला नातवाचं बोलणं ऐकू येत नाही त्याला डीजे मात्र ऐकू येतो. यापेक्षा अन्याय्य वाटणी कुठली?

पुस्तकातला कायदा आपल्या बाजूने आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. आपल्या गावाची अडचण अशी की इथे वस्ती कुठे संपते आणि एमआयडीसी कुठे सुरू होते हे रस्त्यावरून चालताना कळत नाही. माणसं ७५ मध्ये काम करून ५५ मध्ये झोपायला येतात, आणि तिथे त्यांना शंभरने उठवलं जातं.

आता तुमच्यातले काही जण कीबोर्ड सरसावून बसले असतील: "हा प्राधिकरणी सूर आला. तुम्ही पलुसकर ऐकणार ती संस्कृती आणि आमचा तो धांगडधिंगा?" ठीक आहे. हाच प्रश्न माझ्या पुतण्याने मला तोंडावर विचारलाय. तो चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. शिफ्ट कागदावर आठ तासांची, खरी बाराची. त्याच्या गाडीत दोन वूफर आहेत. तो म्हणाला, "काका, दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनचा आवाज ऐकतो. हा एकच आवाज माझा आहे. तो मी मोठा करणार."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण उत्तर नाही. ज्याला कुणी ऐकत नाही तो ओरडणार, हे मला समजतं. आणि बेस म्हणजे हलकं, तंबोरा म्हणजे उच्च, असली उतरंड मला मान्यच नाही. ढोल-ताशा अंगात घुसला पाहिजे, त्यासाठीच तो आहे. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात ती काही उगाच नाही.

मी त्याला फक्त गाडीत बसवलं. तो रोज ऐकतो तेच लावलं, 'सैराट'. २०१६ सालचा हा सिनेमा त्याला पाठ आहे. दुसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "काका, यात एवढी व्हायोलिनं आहेत?" आहेत. अजय-अतुलने त्यातला वाद्यवृंद थेट हॉलिवुडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन ध्वनिमुद्रित केला. सातासमुद्रापार जाऊन अख्खा वाद्यवृंद बसवायचा आणि इथे आपण त्यातला फक्त ढमढम वाजवून बाकीचा गाडीच्या मागे सांडून द्यायचा! पोराने गाणं परत लावलं. मग आणखी एकदा. त्याने अजून वूफर काढलेले नाहीत, तसा काही चमत्कार झाला नाही. पण त्याने विचारलं की दाराला ती चादर लावायला किती खर्च येतो. मी गॅरेजचा पत्ता दिला.

तर बाळा, तू हे वाचत असशील तर माझं उत्तर असं: तो आवाज तुझा आहे हे मान्य. पण काचेबाहेर गेला की तो तुझा राहत नाही, तो तुझ्या आजोबांच्या उशीत शिरतो. ज्या मशीनने त्यांचे कान खाल्ले तिनेही त्यांना विचारलं नव्हतं. तूही विचारत नाहीस. माझं भांडण तुझ्या गाण्याशी नाही, न विचारण्याशी आहे.

एकाच बाजूला झोडपलं असं होऊ नये म्हणून आमच्या जमातीबद्दलही दोन शब्द. 'आम्ही दर्जा ऐकतो' म्हणणारे काही कमी नसतात. दीड मीटर वायरला स्पीकरच्या दुप्पट पैसे मोजणारे, वायरला दिशा असते म्हणणारे, मित्राच्या गाडीत बसल्या बसल्या 'वरचे सूर जरा करकरीत आहेत' असा निकाल देणारे. हा माजही दाखवण्याचाच, फक्त प्रेक्षक वेगळे. मीही त्यात वाहवत गेलो होतो. तीन महिने मी एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. वीस सेकंद ऐकायचं, थांबवायचं, लॅपटॉपवर अर्धा डेसिबल इकडे-तिकडे करायचं. एका रात्री बायको पार्किंगमध्ये आली आणि म्हणाली, "जमलं का? मग आता गाणं कधी ऐकणार?" त्या रात्री लॅपटॉप वर नेऊन ठेवला.

त्या सीटखालच्या डबीला आठवणीची दोन बटणं आहेत. आवाजाच्या वेळेचं गणित एका वेळी एकाच सीटसाठी नीट जमतं. एकाला मधोमध बसवलं की दुसऱ्याचं बिघडणार. पहिलं बटण माझं. दुसरं डाव्या सीटचं, बाबांचं. त्यात वेळ उलटी आहे, डावीकडचा आवाज थांबतो. खर्ज थोडा उतरवलाय कारण तो व्यंजनांना झाकतो, आणि त्यांच्या खड्ड्याच्या अलीकडचा भाग किंचित उचललाय. हे काही श्रवणयंत्र नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी याला उपचार समजू नये. पण दारं मुकी केल्यामुळे रस्त्याचा घोंगाट बराच बाहेर राहतो, आणि अशा कानाला शब्द कळायचे तर आधी भोवतालचा कालवा कमी व्हावा लागतो.

दिवाळीनंतर त्यांना घेऊन ओतूरला निघालो होतो. मोशी, चाकण, राजगुरुनगर मागे टाकून घाट चढताना गीतरामायण लावलं, सुधीर फडक्यांच्या आवाजातलं. १९५५ साली १ एप्रिलला, रामनवमीला, आकाशवाणी पुण्याने ते सुरू केलं तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. वाड्यातल्या एकुलत्या एका रेडिओसमोर सगळी आळी बसायची, हे आम्ही शंभरदा ऐकलंय. मी दुसरं बटण दाबलं आणि सवयीने आवाज वाढवायला हात पुढे केला.

बाबांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः तो दोन घरं खाली आणला.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "शब्द कळतायत."

पुढे खेड घाट संपेपर्यंत आम्ही कुणी काही बोललो नाही. मंचरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, हे रेडिओ कंपनीचाच आहे ना? मी हो म्हटलं.

असो. मामा, पंचेचाळीस हजारांचा हिशेब हा असा आहे. पुढच्या वेळी आलात की तुम्हाला डाव्या सीटवर बसवतो. दिसणार तेव्हाही काही नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो :-)